डॉक्टरेट घ्यायचीय, पण शिक्का कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू या डी.मिन.बद्दल, म्हणजे डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री, पाळकांसाठीची डॉक्टरेट. सेवेत राहून करायची ही पदवी. आपल्याच मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एखादा प्रश्न घ्यायचा, त्यावर काम करायचं, मग प्रबंध लिहायचा. त्याआधी बहुतेक ठिकाणी एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) सारखी पदवी आणि काही वर्षांची सेवा मागतात. कुणी यातलं काहीच मागत नसेल, तर तिथेच सावध व्हा.

आमच्या ओळखीतल्या एका पाळकसाहेबांना एक जाडजूड पाकीट आलं. कुठल्याशा ‘आंतरराष्ट्रीय विद्यापीठा’चं. तुमची सेवा हाच अभ्यास, परीक्षा नाही, प्रबंध नाही, चाळीस हजार भरा, गाऊन-टोपी त्यातच, समारंभ हॉटेलात. सोबत मान्यतेचं प्रमाणपत्र, सोनेरी शिक्क्याचं, कुठल्याशा ‘जागतिक परिषदे’नं दिलेलं. साहेब खूश! फ्लेक्सचा मजकूरसुद्धा ठरला. आता या फ्लेक्सचं काय सांगू? नाताळ असो की शिबिर, ख्रिस्त कोपऱ्यात आणि वक्त्यांचे फोटो मधोमध. बंद व्हायला हवं हे. असो.

पाळकीणबाई मंडळीचा हिशेब ठेवतात, पावती दोनदा वाचल्याशिवाय फायलीला लावत नाहीत. त्यांनी विद्यापीठाचं पत्र आणि परिषदेचं प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवलं. पत्ते निराळे, फोन नंबर एकच! बाई म्हणाल्या, “अहो, मुलगी यांची आणि मुलगी चांगली आहे म्हणून सांगणारा मध्यस्थही यांच्याच घरातला. असलं स्थळ बघायचं कशाला?”

साहेबांनी तरी नंबर फिरवलाच. “परिषदेचे सचिव आहेत का?” “बोलतोय.” “बरं, मग विद्यापीठाचे कुलगुरू?” पलीकडे जरा खाकरल्याचा आवाज, आणि तोच माणूस, घोगऱ्या सुरात, “बोलतोय!”

तर मुद्दा हा, की मान्यता आहे का, हे संस्थेला विचारू नका, मान्यता देणाऱ्याला विचारा. पुन्हा सांगतो, मान्यता देणाऱ्याला. आपल्याकडे सेरामपूरचं सिनेट आहे, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजचं, ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणारं मंडळ. सेरामपूर कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार 1827 च्या डॅनिश सनदेनं मिळाला, पुढे 1918 चा कायदा झाला. मराठी नवा करार 1811 साली सेरामपुरातच छापला गेला, हे आपल्या लोकांना ठाऊक नसतं, वाईट वाटतं. मान्यता देणारी दुसरी संस्था म्हणजे एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन, 1970 पासूनची. अमेरिकेतली सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज असेल, तर असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्सची यादी पाहा. आणि नुसत्या संस्थेचं नाव यादीत दिसलं म्हणून थांबू नका. डी.मिन.च्या अभ्यासक्रमालाच मान्यता आहे का, ते बघा. सरकारी कॉलेजात शिकवण्याचा विचार असेल, तर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम वेगळे. तेही आधीच तपासा.

राहिला पैसा. वर्षाची फी ऐकून हुरळून जाऊ नका, पदवी हातात पडेपर्यंतचा एकूण खर्च विचारा. वर्गासाठी जाण्या-येण्याचं भाडं, तिथलं राहणं-खाणं, पुस्तकं, आणि प्रबंध लांबला तर दरवर्षी भरायची फी. खिसा खरा रिकामा होतो तो या शेवटच्या फीनं, आणि माहितीपत्रकात ती बारीक अक्षरात असते. शिष्यवृत्ती विचारायला लाजू नका. आणि उत्तर फोनवर नको, ईमेलवर, लेखी घ्या. पहिला हप्ता त्यानंतर.