बाविसावा कॉल

(दृश्य: महाद्वार रोडजवळचा बोळ, डीटीपीचं दुकान. काउंटरवर पत्रिकांचे नमुने.)

लग्नसराई सुरू आहे. गिऱ्हाईक खिशातून पेनड्राइव्ह काढतं आणि पुढं करतं. "दादा, पत्रिकेचा मजकूर यात हाय, जरा बघा की." दुकानातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर नवा फोल्डर आला, मजकूर उघडला. मध्ये काही घडलं असं कुणालाच वाटत नाही.

घडलेलं असतं. पेनड्राइव्ह ही वेगळी डिस्क. तिची फाइल सिस्टिम, म्हणजे फायली मांडायची व्यवस्था, वेगळी, मूळ फोल्डर वेगळा, कुठला ब्लॉक, म्हणजे डिस्कचा ठरावीक मापाचा तुकडा, भरलाय आणि कुठला रिकामा याचा हिशेबही वेगळा. चालू मशीनच्या फोल्डरांच्या झाडाला ती जोडायची, तर ते काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं. प्रोग्रॅमनं कर्नलकडे काही मागायचं तर त्याची ठरलेली वाट म्हणजे सिस्टिम कॉल. डिस्क जोडण्याच्या कॉलचं नाव माउंट. ६४ बिट इंटेल मशीनवरच्या लिनक्समध्ये त्याचा क्रमांक १६५.

(दृश्य: अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा, संध्याकाळ.)

कोल्हापुरातल्याच एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या दोघांनी हा कॉल स्वतः लिहायला घेतला. मुलगी कागलची, मुलगा गडहिंग्लजचा. कर्नल निवडलं एक्सव्ही६. अमेरिकेतल्या एमआयटीनं ते शिकवण्यासाठी बनवलंय, युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीवर बेतून. आकार एवढाच की विद्यार्थी ते अखंड वाचू शकतो. त्यात कॉल आहेत २१. माउंट नाही.

"सर, नुसता नंबर द्यायचा तर अर्ध्या तासात होतंय की," असं मुलगा म्हणाला होता. बरोबरच होतं. यादीत २२ हा आकडा घालायचा, कर्नलच्या तक्त्यात फंक्शनचं नाव लिहायचं, वापरणाऱ्याच्या बाजूला दोनेक ओळी वाढवायच्या. प्रोग्रॅम ए७ या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका कप्प्यात, २२ ठेवतो, ईकॉल ही सूचना देतो, प्रोसेसर कर्नलमध्ये शिरतो, कर्नल तक्त्यात बाविसावं घर बघतं. तेवढं त्याच संध्याकाळी झालं.

पण माउंट हा इतर कॉलसारखा नाही. वाचा, लिहा, बंद करा, हे कॉल आपापलं काम करून मोकळे होतात. माउंट एकदा झाला की त्यानंतर कुठल्याही प्रोग्रॅमनं दिलेला कुठलाही पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, कर्नलनं वेगळ्या पद्धतीनं वाचायला हवा. म्हणजे खरं काम नव्या फंक्शनमध्ये नसतंच. डिस्क एकच आहे असं जिथं जिथं गृहीत धरलंय, ती प्रत्येक जागा जुन्या कोडमधून हुडकून काढायची, हे खरं काम. या फिल्मला कारण तेच आहे. दिसणारा कोड शंभर ओळींचा, आणि तो लिहिण्याआधी हजारो ओळी समजून घ्याव्या लागतात.

(दृश्य: पडद्यावर कोड. कॅमेरा एका टिपेवर थांबतो.)

पहिली जागा त्यांना लगेच सापडली, कारण कोड लिहिणाऱ्यांनीच ती सांगून ठेवली आहे. डिस्कचा नकाशा ज्या नोंदीत असतो तो सुपरब्लॉक. एक्सव्ही६ मध्ये तो अख्ख्या कर्नलसाठी एकच आहे, आणि वर टीप आहे: खरं तर दर डिस्कला एक हवा, पण आपण एकाच डिस्कवर चालतो. दोघांनी त्याचं अ‍ॅरे केलं. दर डिस्कला एक अशी ही रांग न करता दुसरी डिस्क लावली असती तर कर्नलनं पहिल्या डिस्कचा नकाशा हातात धरून दुसरीवर शोधाशोध केली असती. दोन्हींची मांडणी सारखी असेल तर ही चूक दिसतही नाही, म्हणूनच ती धोक्याची. त्यांनी दुसरी डिस्क मुद्दाम वेगळ्या मांडणीची बनवली. मला त्यांचं हे फार पटलं.

दुसरी जागा नेमएक्स. पाथ तुकड्या-तुकड्यानं चालत जाणारं हे फंक्शन. तुकडा सापडला की आता विचारायचं: या फोल्डरवर दुसरी डिस्क चढवली आहे का? असेल तर हा आयनोड, म्हणजे फाइल किंवा फोल्डरची डिस्कवरची क्रमांक असलेली नोंद, सोडायचा आणि त्या डिस्कचा मूळ आयनोड हातात घ्यायचा.

(दृश्य: कसबा बावडा, राजाराम बंधारा. पाणी अडवलेलं.)

ज्या फोल्डरावर डिस्क चढवली त्यातल्या फायलींचं मग काय होतं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. पंचगंगेवरच्या या बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की मागचं पाणी चढतं, पात्रातले खडक दिसेनासे होतात. बर्गे काढले की खडक होते तिथंच. माउंटखाली झाकलेल्या फायली तशाच असतात. पुसल्या जात नाहीत, हलत नाहीत. डिस्क उतरवली की जशाच्या तशा समोर येतात.

(दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा. क्यूएमू या, कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमची काळी खिडकी.)

दुसऱ्या डिस्कवर त्यांनी रंकाळा नावाची एक फाइल ठेवली आणि ती डिस्क 'गाव' या फोल्डरवर चढवली. आत गेले, यादी मागितली, रंकाळा दिसली. मग दोन टिंबं, म्हणजे 'वरचा फोल्डर', देऊन बाहेर यायची आज्ञा दिली. परत यादी मागितली. परत रंकाळाच.

"बाहेर आलोच न्हाई आपण," मुलगा म्हणाला.

"थांब, मी बघतो," ती म्हणाली, आणि तिनं यादीतल्या पहिल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. एक टिंब, म्हणजे हाच फोल्डर, आयनोड १. दोन टिंबं, आयनोड १.

एक्सव्ही६ मध्ये प्रत्येक डिस्कच्या मूळ फोल्डराचा क्रमांक १ असतो, आणि त्यातली दोन टिंबं त्याच्याकडेच बोट दाखवतात, कारण त्या डिस्कच्या दृष्टीनं त्याच्या वर काही नाहीच. आपल्याला कुठल्या फोल्डरावर चढवलंय हे डिस्कला माहीत नसतं. ते फक्त कर्नलच्या माउंटच्या तक्त्यात असतं. म्हणून नेमएक्समध्ये उलट्या दिशेची तपासणीही लागते: आपण चढवलेल्या डिस्कच्या मूळ फोल्डरात आहोत आणि पुढचा तुकडा दोन टिंबांचा आहे, तर आधी झाकलेल्या फोल्डरावर यायचं आणि तिथून वर जायचं. पहिल्या डिस्कची यादी मागितली तरी आकडे हेच, १ आणि १. आयनोडची ओळख फक्त क्रमांकानं होत नाही, डिस्क आणि क्रमांक या जोडीनं होते. पुस्तकात हे एका वाक्यात येतं. त्या काळ्या खिडकीत ते डोळ्यांना दिसलं.

अशीच एक तपासणी कोडमध्ये आधीपासूनच बसून होती. एका फाइलला दुसरं नाव देणारा लिंक हा कॉल विचारतो, दोन्ही नावं एकाच डिस्कवर आहेत ना? एका डिस्कच्या कर्नलमध्ये या प्रश्नाचं उत्तर कधी 'नाही' येणारच नाही. तरी तो तिथं आहे, कारण हा नियम युनिक्सइतकाच जुना. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत माउंट आहे, क्रमांक २१. युनिक्स बनवणाऱ्या केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९७४ च्या आपल्या लेखात लिहिलंय की मूळ फोल्डर एका डिस्कवर असतो, लोकांच्या फायली दुसऱ्या मोठ्या डिस्कवर, आणि मशीन सुरू होताना ती माउंट होते. त्यानंतर सगळं झाड एकच असल्यासारखं वागतं, अपवाद एवढाच की एका डिस्कवरून दुसरीवर लिंक करता येत नाही. कोल्हापूरच्या या दोन विद्यार्थ्यांच्या कर्नलमध्ये लिंकमधली ती ओळ पहिल्यांदा खऱ्या कामाला आली.

लिहिण्याचं मात्र जमलं नाही, आणि कारण महत्त्वाचं आहे. एक्सव्ही६ डिस्कवरचा बदल आधी लॉगमध्ये लिहितं, मग मूळ जागी. मध्येच लाइट गेली तर लॉग बघून अर्धवट काम पुरं करता येतं. पण लॉगच्या नोंदीत फक्त ब्लॉकचा क्रमांक आहे. डिस्कचा नाही. दुसऱ्या डिस्कसाठी केलेला बदल तिच्यापर्यंत पोचतच नाही, लॉग पहिल्याच डिस्ककडे बघत राहतो. तेव्हा त्यांनी ठरवलं, दुसरी डिस्क फक्त वाचण्यापुरती चढवायची आणि लिहायला आलेल्या प्रत्येक कॉलला नकार द्यायचा. पळवाट म्हणून हे ठरलं नाही. लिनक्सच्या माउंटलाही फक्त वाचण्याची खूण देता येते, आणि ज्या डिस्कची खात्री नाही ती तशीच लावणं शहाणपणाचं.

उतरवण्याचा कॉल २३. इथं कर्नलनं आधी बघायचं, कुणी अजून आत आहे का? आयनोडच्या तक्त्यात त्या डिस्कचा एकही आयनोड कुणी धरून ठेवला असेल तर नकार. फाइल उघडी नसली तरी एखादा प्रोग्रॅम त्या फोल्डरात नुसता उभा असला तरी नकार. डीटीपीच्या दुकानात पेनड्राइव्ह काढताना 'वापरात आहे' असा निरोप येतो तो यामुळंच.

(दृश्य: लिनक्सच्या कॉलचा तक्ता.)

लिनक्सलाही या एका कॉलचं ओझं झालं होतं. जुना माउंट पाच गोष्टी एकदम घेतो, सगळे पर्याय एका लांबलचक मजकुरात कोंबावे लागतात आणि चुकलं तर हातात फक्त एक आकडा येतो. २०१९ च्या ५.२ आवृत्तीत डेव्हिड हॉवेल्स यांच्या कामातून नवे सहा कॉल आले, क्रमांक ४२८ ते ४३३. फाइल सिस्टिम उघडा, पर्याय एकेक करून द्या, माउंट तयार करा, आणि शेवटी झाडात बसवा. जोडणी तयार करणं आणि ती जागेवर बसवणं वेगळं झालं, कुठं चुकलं ते शब्दांत वाचता येऊ लागलं. बाविसावा कॉल स्वतः लिहिल्यावर या दोघांना ही वाटणी का केली ते समजावून सांगावं लागलं नाही.

आता लॉगवरून दोघांत वाद आहे. त्याचं म्हणणं, नोंदीत ब्लॉकच्या शेजारी डिस्कचाही क्रमांक घालू. नोंदी जास्तीत जास्त ३०, ब्लॉक १०२४ बाइटचा, सहज मावतंय. तिचं म्हणणं, लाइट गेल्यावर मशीन दुसरी डिस्क न लावता सुरू झालं तर लॉगमधल्या तिच्या नोंदी टाकायच्या कुठं? दर डिस्कला तिचा लॉग हवा. मला तिचं पटतं. त्यासाठी लॉगचा अख्खा कोड पुन्हा लिहावा लागेल, आणि पुढच्या सत्रात ते त्याच कामाला लागणार आहेत.