नवा मित्र आणि त्याचे अर्ज

मागे ऐकू येतंय ना? बरं. आजचा विषय, ‘आयर्लंडच्या संस्थांमध्ये बालपणी अत्याचार सोसलेल्यांसाठीच्या सेवा’. एवढं लांबलचक नाव वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एक तर विषयात रस आहे, नाहीतर खालच्या हॉलमधलं लग्न फारच वाजतंय.

‘इंडस्ट्रियल स्कूल’ म्हणजे काय ते मागच्या वेळी बोलले होते. थोडक्यात, आपलं रिमांड होम समजा. फक्त पोरांचा गुन्हा बहुतेकदा घरची गरिबी एवढाच. चालवणारे कॅथलिक धर्मसंघ, पैसा सरकारचा. आर्टेन, लेटरफ्रॅक, गोल्डनब्रिज ही अशाच शाळांची नावं. गोल्डनब्रिजच्या मुली शाळा सुटल्यावर जपमाळा ओवत बसायच्या, तारेत. दहा मण्यांचे 60 सर, रोज. मे 1999 मध्ये आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी या मुलांची माफी मागितली, 2009 मध्ये या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रायन आयोगाचा पाच खंडी अहवाल आला. हे तुम्हाला ठाऊक आहे.

मला बोलायचंय ते अर्जाबद्दल. हसू नका, अर्ज हा माझा जुना वैरी आहे.

लंडनमध्ये आयरिश ज्येष्ठांच्या एका जेवणाच्या क्लबात मी दर गुरुवारी अर्ज भरून द्यायला बसायचे. तिथे एक आजोबा यायचे. इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत न उघडलेली सरकारी पाकिटं. मी अर्ज पुढे सरकवला की म्हणायचे, ‘‘चष्मा घरी राहिला.’’ पुढच्या गुरुवारीही घरीच. तिसऱ्या गुरुवारी चष्मा गळ्यात दोरीला लटकतोय, तरी घरीच! मी पडले मालवणची, तोंडाला दार नाही. म्हटलं, ‘‘अहो, मग हा काय?’’ आजोबा उठले, टोपी घातली, गेले. महिनाभर फिरकले नाहीत.

शेवटी स्वयंपाकघरातल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. ‘‘वाचता येत नाही त्याला. एवढं कळू नये?’’ दहा वर्षं ‘शाळेत’ काढलेला माणूस! तिथे त्याच्याकडून बूट शिवून घेतले होते.

ते परत आले तेव्हा मी अर्ज खणात टाकला आणि चहा पुढे केला. (तिकडचा चहा आपल्यासारखाच, दूध घातलेला, कडक. आलं मात्र नाही, तेवढी उणीव.) बोलता बोलता त्यांनी माझा बूट काढायला लावला, उलटा केला, तळ अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, ‘‘नुसता डिंक. एक टाका नाही. किती दिलेस?’’ किंमत सांगितली. पाच मिनिटं हसत होते. त्या दिवसापासून अर्ज भरायला सुरुवात झाली. पाच बैठका लागल्या. आणि ज्या कचेरीत तो पाठवला, नाव नको, तिथून उत्तर आलं ते पत्रानेच. तेही सरळ पिशवीत.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. मुद्दा राहिलाच की!

तर भराभर. 2000 पासून राष्ट्रीय समुपदेशन सेवा आहे, मोफत. ही मला सर्वांत शहाणी वाटते, कारण तिथे माणसाशी माणूस बोलतो. 2002 च्या कायद्याने भरपाई मंडळ आलं: 15,000हून जास्त जणांना पैसे, सरासरी 62,000 युरोंच्या आसपास. पण मंडळापुढचं प्रकरण ओळख पटेल असं छापलं, तर दंड आणि तुरुंगाची तरतूद. लहानपणी गप्प बसवलेल्यांना पुन्हा गप्प बसवलं!

मग धर्मसंघांच्या पैशातून 110 दशलक्ष युरोंचा निधी आणि तो वाटायला ‘काराणुआ’. आयरिशमध्ये याचा अर्थ नवा मित्र. आता हा मित्र कागद मागणारा. दात, खिडक्या, शिक्षण यांसाठी तो मदत द्यायचा. 2016 मध्ये प्रत्येकी 15,000 युरोंची मर्यादा आली, 2021 मध्ये मित्र दुकान बंद करून गेला. 2025 च्या कायद्यात आरोग्यकार्ड आहे, परदेशी राहणाऱ्यांना त्याऐवजी एकदाच 3,000 युरो. आजोबांसारखे कितीतरी जण पोरवयातच इंग्लंडला पळालेले. त्यांना घरी येणारी मदतनीस हवी आहे, कारण वृद्धाश्रम म्हटलं की त्यांच्यापुढे उभी राहते ती त्या शाळेतली पलंगांची रांग.

हो, संपवतेच. पाचव्या बैठकीत सही करून झाल्यावर आजोबांनी एकच विचारलं होतं: म्हाताऱ्यांच्या त्या घरात रात्री खोलीचा दिवा कोण बंद करतं, आपण की ते?