डेट्रॉइटची गेलेली दुकाने

मित्रहो,

डेट्रॉइटच्या जुन्या बाजारपेठेचा विषय निघाला की सर्वांच्या तोंडी पहिले नाव येते ते हडसन्सचे. जोसेफ लोथियन हडसन यांनी १८८१ मध्ये पुरुषांच्या आणि मुलांच्या तयार कपड्यांचे दुकान काढले आणि त्यातून पुढे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जी इमारत उभी राहिली ती १९११ पासून १९४६ पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढत गेली. चारशे दहा फूट उंचीची ती वास्तू जगातले सर्वांत उंच डिपार्टमेंट स्टोअर म्हणून ओळखली जात असे. हडसन मोटर कार कंपनीला १९०९ मध्ये भांडवल आणि नाव देणारे हडसन हेच. या शहरात दुकानदारी आणि मोटारींचा धंदा किती जवळजवळ वाढले, हे त्यावरून लक्षात यावे.

सत्तरच्या दशकात मी येथे आलो तेव्हा या दुकानाला उतरती कळा लागलेली होती. तरीही पहिल्या हिवाळ्यापूर्वी मी तिथे ओव्हरकोट घ्यायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या वयस्कर बाईंनी मला दोन्ही हात वर करायला लावले, बाह्यांना टाचण्या टोचल्या, आतून चार बोटे घालून जाड स्वेटरला जागा उरते की नाही ते पाहिले, आणि मी निवडलेला महाग कोट बाजूला ठेवून त्याहून स्वस्त, पण जास्त उबदार असा दुसरा कोट काढून दिला. भिंतीजवळ पाणी पिण्याचे पितळी कारंजे होते आणि लाखो हातांनी त्याची कड गुळगुळीत झालेली होती. आजही हडसन्स म्हटले की मला त्या टाचण्या आणि ते पितळ आठवते.

१७ जानेवारी १९८३ रोजी वुडवर्डवरचे हे दुकान बंद झाले आणि २४ ऑक्टोबर १९९८ रोजी सुरुंग लावून इमारत पाडण्यात आली. धुळीचा लोट रस्तोरस्ती पसरला आणि हजारो माणसे तो पाहत उभी होती. या प्रसंगाची आठवण काढताना लोक हमखास म्हणतात, "काळ बदलला." आज मला या वाक्याचाच प्रतिवाद करायचा आहे. काळ आपोआप बदलत नसतो. जी दुकाने गेली, त्यांतल्या बहुतेकांच्या जाण्यामागे कोणीतरी, कुठल्यातरी टेबलाभोवती बसून घेतलेला निर्णय होता, आणि त्या निर्णयाचा शोध घेतल्याशिवाय केलेली हळहळ मला अपुरी वाटते.

हडसन्सचेच पाहा. २२ मार्च १९५४ रोजी शहराच्या सीमेबाहेर, साउथफील्डमध्ये, नॉर्थलँड सेंटर उघडले. व्हिक्टर ग्रुएन या वास्तुशिल्पज्ञाने त्याची रचना केली होती आणि त्या वेळी ते जगातले सर्वांत मोठे शॉपिंग सेंटर मानले गेले. ते उभारले कोणी, तर खुद्द हडसन्सने. गिऱ्हाईक मोटारीत बसून उपनगराकडे निघाले आहे हे कंपनीने ओळखले आणि त्याच्या वाटेवर स्वतःच नवे, प्रशस्त, पार्किंगची सोय असलेले दुकान मांडले. व्यापारी म्हणून तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण वुडवर्डच्या दुकानाला जी स्पर्धा मारक ठरली, ती घरातूनच सुरू झाली होती, हे विसरून चालणार नाही. पुढे २०१५ मध्ये ते नॉर्थलँडही बंद पडले. आपल्यापैकी अनेकांची मुले तिथल्या आवारातल्या शिल्पांवर चढून खेळली आहेत, तेव्हा ते दुःखही आपल्या ओळखीचे आहे.

आता मी अशा एका रस्त्याकडे वळतो ज्याचे नाव आपल्या बैठकांमध्ये सहसा निघत नाही. हेस्टिंग्ज स्ट्रीट हा ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या कृष्णवर्णीय वस्त्यांचा हमरस्ता होता. अमेरिकेच्या दक्षिणेतून कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांना शहरात इतरत्र घर मिळणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे या दाटीवाटीच्या भागातच त्यांचे दवाखाने, केशकर्तनालये, औषधांची दुकाने, हॉटेले आणि संगीताचे क्लब उभे राहिले. जो व्हॉन बॅटल यांनी १९४५ मध्ये याच रस्त्यावर रेकॉर्डचे दुकान काढले. दुकानातच ध्वनिमुद्रणाची सोय होती. रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचने त्यांनी ध्वनिमुद्रित केली, आणि त्या प्रवचनकारांची किशोरवयीन कन्या अरिथा हिच्या अगदी पहिल्या रेकॉर्डही त्यांनीच केल्या. जगाने पुढे डोक्यावर घेतलेला आवाज प्रथम टिपला गेला तो हेस्टिंग्जवरच्या एका दुकानदारामुळे.

पन्नासच्या दशकापासून 'झोपडपट्टी निर्मूलन' या नावाखाली ब्लॅक बॉटम पाडायला सुरुवात झाली. रिकामी केलेली जमीन कित्येक वर्षे तशीच पडून राहिली, तिच्यावर रान माजले. नंतर तिथे वास्तुशिल्पज्ञ मीस व्हान डेर रोहे यांच्या आराखड्यानुसार लाफायेट पार्क ही वसाहत उभी राहिली. मी त्या इमारतींमध्ये अनेकदा गेलो आहे. त्या खरोखर सुंदर आहेत, पण ज्यांची घरे पाडली त्यांतल्या बहुसंख्यांना तिथले भाडे परवडण्याजोगे नव्हते. हेस्टिंग्ज स्ट्रीट तर क्रायस्लर फ्रीवेच्या खंदकात गेला. आय-३७५ हा त्या महामार्गाचा दक्षिण टोकाचा तुकडा १९६४ मध्ये पूर्ण झाला. दुकानदारांपैकी भाडेकरूंना नुकसानभरपाई मिळाली ती नाममात्र, आणि मोडलेले गिऱ्हाईक तर कोणीच भरून देऊ शकत नव्हते. जो व्हॉन बॅटल १२व्या रस्त्यावर गेले आणि जुलै १९६७ च्या वांशिक हिंसाचाराच्या उद्रेकात तेही दुकान नष्ट झाले. पाणी आणि धूर यांनी खराब झालेल्या ध्वनिफितींबरोबर किती गाणी, किती प्रवचने गेली असतील याचा विचार केला की मन विषण्ण होते.

त्या फ्रीवेवरून आपण सर्वांनी गाडी हाकली आहे. कामावरून घरी जाण्याची ती आपली सोयीची वाट होती. २०२२ मध्ये आय-३७५ काढून त्या जागी जमिनीच्या पातळीवर रुंद रस्ता करण्यासाठी केंद्र सरकारने १० कोटी ४६ लाख डॉलर्स मंजूर केले, परंतु वाढलेल्या खर्चामुळे ते काम रखडले आहे. काम पुन्हा सुरू होईल तेव्हा मोकळ्या झालेल्या जमिनीवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या वस्तीच्या वारसांनी लावून धरला आहे आणि मला तो पूर्णपणे न्याय्य वाटतो.

पोलटाउन या जुन्या पोलिश वस्तीची हकिकत याच्याशी जोडलेली आहे. डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमिकमधला डॉज मेन हा मोटारींचा प्रचंड कारखाना जानेवारी १९८० मध्ये बंद झाला. डेट्रॉइट शहरात बेकारी वाढलेली, तिजोरीत खडखडाट. अशा वेळी जनरल मोटर्सने नव्या कारखान्यासाठी जागा मागितली आणि शहराने डॉज मेनच्या जमिनीला लागून असलेली वस्ती सक्तीने संपादन करून देण्याचे ठरवले. सुमारे ४,२०० रहिवासी, १,३०० घरे, १४० व्यवसाय, सहा चर्चेस आणि एक रुग्णालय, असा हा व्याप होता. मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९८१ मध्ये संपादनाला मान्यता दिली. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये ठिय्या देऊन बसलेल्या वृद्ध पोलिश बायांना जुलैमध्ये पोलिसांनी बाहेर काढले आणि चर्च पाडले. हा निर्णय रेटणारे महापौर कोलमन यंग स्वतः ब्लॅक बॉटममध्ये वाढलेले होते. त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण मी तसे करणार नाही. हजारो नोकऱ्यांचे आश्वासन नाकारण्याची ताकद त्या वर्षी या शहरात कोणाजवळ होती? एवढे मात्र खरे, की आश्वासनाइतक्या नोकऱ्या पुढे बराच काळ मिळाल्या नाहीत, आणि २००४ मध्ये त्याच न्यायालयाने खासगी उद्योगासाठी असे संपादन करणे घटनाबाह्य ठरवून आपला जुना निकाल रद्द केला. शेन स्ट्रीटवरच्या मांसविक्रेत्यांना आणि बेकऱ्यांना त्या निकालाचा काही उपयोग नव्हता.

त्या कारखान्याच्या आवारात, वाहनतळाच्या कडेला, भिंतीने वेढलेले एक ज्यू कब्रस्तान आहे. त्याचे नाव बेथ ओलेम. एकोणिसाव्या शतकातली ती थडगी कायद्याने हलवता येत नव्हती म्हणून राहिली. वर्षातून दोनदा, ज्यूंच्या सणांच्या सुमारास, काही तास ते दार उघडते. गवतातल्या त्या झिजलेल्या शिळांसमोर उभे राहिल्यावर पलीकडून यंत्रांची घरघर ऐकू येते. एका वस्तीतली हजारो जिवंत माणसे हलवता आली आणि मृत तेवढे जागेवर राहिले, ही गोष्ट मी तिथे उभा असताना पचवू शकलो नाही.

हॅमट्रॅमिकविषयी मला अधिक विस्ताराने बोलायचे आहे, कारण दुकान जाणे आणि दुकान बदलणे यांतला फरक तिथे दिसतो. चारही बाजूंनी जवळजवळ संपूर्णपणे डेट्रॉइटने वेढलेले हे दोन चौरस मैलांचे स्वतंत्र शहर. १९१० मध्ये तिथे ३,५५९ माणसे होती. डॉज बंधूंचा कारखाना आला आणि १९३० पर्यंत ती संख्या ५६ हजारांवर गेली. त्यांतले बहुसंख्य पोलिश. जोसेफ कँपॉ हा त्यांचा बाजाराचा रस्ता. ईस्टरआधीच्या लेंट या ख्रिस्ती उपवासापूर्वीच्या मंगळवारी पूंचकी हा तळलेला गोड पोलिश पदार्थ घेण्यासाठी पहाटेपासून लागणाऱ्या रांगा आजही तिथे लागतात. राल्फ ॲडम्स क्रॅम यांनी घडवलेले सेंट फ्लोरियनचे चर्च आजही दुरून दिसते आणि कोवाल्स्की सॉसेज कंपनीही उभी आहे. पण जुने गिऱ्हाईक वॉरन आणि स्टर्लिंग हाइट्सला गेले, मोठी कापडदुकाने बंद झाली, आणि हळूहळू कोनंट ॲव्हेन्यूवर बांगलादेशी आणि इतरत्र येमेनी कुटुंबे आली. २००४ मध्ये एका मशिदीच्या अजानवरून मोठा वाद झाला. २०१५ मध्ये नगर परिषदेत मुस्लिम सदस्यांचे बहुमत झाले.

आमच्या घरी कोकणातल्या माणसांची जीभ. पापलेट, बांगडा, सुकट यांसाठी आम्ही वर्षानुवर्षे कोनंटवर जातो. एका दुकानाच्या उंबऱ्यावर लहान षटकोनी फरशांमध्ये जुन्या पोलिश मालकाचे आडनाव अजून वाचता येते. काचेचे कपाटही त्याच काळातले आहे. पूर्वी ज्या खणांत पाव असत तिथे आता संदेश आणि चमचम या बंगाली मिठाया मांडलेल्या असतात. सिल्हेटहून आलेल्या मालकाला मी त्या नावाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की फरशी बदलायला कारागीर आला होता, पण त्यांनीच त्याला थांबवले. "हे त्यांचेही दुकान आहे," एवढेच ते म्हणाले.

तरीही हॅमट्रॅमिकच्या पूर्वीच्या काळाला निष्पाप ठरवणे बरोबर होणार नाही. १९७१ मध्ये न्यायाधीश डेमन कीथ यांनी असा निकाल दिला की या शहराने नागरी नूतनीकरणाच्या योजना कृष्णवर्णीय रहिवाशांना हुसकावण्यासाठी वापरल्या होत्या. त्यांना पुन्हा घरे देण्याचे शहराने मान्य केले, पण त्यातली बरीचशी घरे उभी राहिली ती २००० सालानंतर. ज्या लोकांवर पोलटाउनमध्ये अन्याय झाला, त्यांच्याच भाऊबंदांच्या शहराने दुसऱ्यांवर हा अन्याय केला होता. दोन्ही गोष्टी एकाच स्मृतीत सांभाळाव्या लागतात.

कारखान्यांत तयार होणाऱ्या पेयांचेही तेच. बर्नहार्ड स्ट्रोह यांनी १८५० मध्ये सुरू केलेल्या बिअरची डेट्रॉइटमधली भट्टी १९८५ मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी वुडवर्डवरचा व्हर्नर्सचा कारखानाही. व्हर्नर्स म्हणजे इथले आल्याचे झणझणीत पेय, औषधविक्रेते जेम्स व्हर्नर यांचे. मुलांचे पोट बिघडले की इथल्या शेजारणी ते कोमट करून पाजत, आणि आमच्या घरात आईच्या सुंठीच्या काढ्याची जागा त्याने कधी घेतली ते कळलेही नाही. बाटली आजही मिळते, पण वुडवर्डवरचा तो कारखाना आता नाही.

आता आपल्याविषयी. १९६५ च्या ज्या कायद्यामुळे आपली पिढी या देशात येऊ शकली, त्याचे एक जनक फिलिप हार्ट हे मिशिगनचेच सिनेटर होते. अभियंते, डॉक्टर म्हणून आपण आलो ते नेमके शहर रिकामे होत असताना. १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात असलेली डेट्रॉइटची लोकसंख्या २०२० मध्ये ६ लाख ३९ हजारांवर आली. १९७४ मध्ये 'मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली' या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शहर आणि उपनगरांच्या शाळा एकत्र आणण्याची योजना पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली, आणि त्यानंतर शहराच्या उत्तर सीमेवरच्या एट माइल रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे राहता यावर मुलांचे शिक्षण ठरू लागले. घर दाखवणारे दलाल आपल्याला थेट ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स किंवा कँटनकडेच नेत. अशा रीतीने आपली घरे, आपली मंदिरे आणि आपली वाणसामानाची दुकानेही त्याच विखुरण्यातून उभी राहिली. त्यामुळे डेट्रॉइटच्या गेलेल्या दुकानांचा इतिहास हा परक्यांचा इतिहास आहे असे मला म्हणवत नाही.

हडसन्सच्या जागेवर आता नवा मनोरा उभा आहे आणि जनरल मोटर्सने आपले मुख्यालय तिथे हलवण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला. मिशिगन सेंट्रल स्थानकातून जानेवारी १९८८ मध्ये शेवटची गाडी सुटली होती. फोर्ड कंपनीने त्याची डागडुजी केल्यावर २०२४ मध्ये ते पुन्हा खुले झाले, तेव्हा मी मुद्दाम जाऊन आलो आणि मला मनापासून आनंद झाला. मात्र मोठ्या वास्तूंना कोणीतरी धनवान वाली भेटतो. रेकॉर्डच्या दुकानाला, खाटकाला, शिंप्याला तो भेटत नाही. त्यांच्यासाठी निदान लेखी नोंद तरी हवी.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका अनेकांच्या तळघरात पडून असतील. त्यांतले लेख बाजूला ठेवा आणि जाहिरातींची पाने काढा. साड्यांची दुकाने, मसाल्याचे व्यापारी, विमानाची तिकिटे काढून देणारे, विमा एजंट, शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन हिंदी चित्रपट दाखवणारे, हे सारे तिथे पत्त्यांसह आहेत. जाहिरातीवर साल नसले तरी फोनचा क्रमांक उपयोगी पडेल, कारण १९९३ च्या अखेरपर्यंत हा सगळा परिसर ३१३ या विभागीय क्रमांकात होता, त्यानंतर ८१० आला आणि १९९७ मध्ये २४८. प्रत्येक पानामागे तीन गोष्टी लिहून द्या : त्या गाळ्यात आधी कोणाचे दुकान होते, नंतर कोणाचे आले, आणि बंद झाले तेव्हा नेमके काय घडले. जे दुकानदार हयात आहेत त्यांच्याकडे आधी जायला हवे. तरुणांपैकी दोघे-तिघे ध्वनिमुद्रणासाठी तयार झाले, तर पहिली मुलाखत याच महिन्यात घेता येईल.