विस्मरण, अ‍ॅक्युपंक्चर आणि त्याआधीची तपासणी

श्रोतेहो, नमस्कार.

फोंडा असो, डिचोली असो की म्हापसा, घरातल्या वडीलधाऱ्यांचं विसरणं वाढलं की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो : "डॉक्टर, आईला अ‍ॅक्युपंक्चर केलं तर आठवायला लागेल?" या प्रश्नामागे खूप थकलेलं घर असतं. त्याला वरवरचं उत्तर देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अ‍ॅक्युपंक्चर मूळचं चीनचं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बी. के. बसूंनी पुढे ही विद्या भारतात आणली. सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, इंजेक्शनच्या सुईहून कितीतरी बारीक. स्मरणशक्तीसाठी टाळूवरचा 'बायहुई' हा बिंदू आणि त्याच्या चारी बाजूंचे बिंदू घेतात. हातापायांवरचेही काही घेतात. सुया वीस-तीस मिनिटं ठेवतात. कधी त्यांतून मंद वीजप्रवाहही सोडतात.

याचा उपयोग होतो का? मेंदूचा रक्तपुरवठा कमी केलेल्या उंदरांना प्रयोगशाळेत पाण्याच्या टाकीत सोडतात. बुडालेला चौथरा कुठे आहे, हे त्यांनी लक्षात ठेवायचं असतं. अ‍ॅक्युपंक्चर केलेल्या उंदरांना तो लवकर सापडला, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं. माणसांवरच्या अभ्यासांतही, विशेषतः विस्मरणाची नुकती सुरुवात झालेल्यांत, चाचणीचे गुण थोडे वाढलेले आढळले.

पण यातले बहुतेक अभ्यास लहान आहेत, चीनमधलेच आहेत आणि त्यांची आखणी सैल आहे. खऱ्या उपचाराची तुलना लटक्या उपचाराशी व्हायला हवी. त्यासाठी १९९८ मध्ये एक खास सुई पुढे आली. आपल्या जत्रेच्या नाटकातल्या खंजिरासारखी ती दाबली की आतच सरकते. टोचल्यासारखं वाटतं, पण कातडीत शिरत नाही. अशी कसोटी लावणारे अभ्यास अजून थोडेच. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा घराबाहेर पडणं, कुणीतरी आपुलकीनं विचारपूस करणं, शांत झोप लागणं, एवढ्यानंही म्हाताऱ्या माणसाची तरतरी वाढते. तेव्हा गुण सुईमुळे वाढले की यामुळे, हे सांगणं कठीण. माझं मत विचाराल तर पुरावा आशा दाखवणारा आहे, पण कच्चा आहे. अल्झायमर सुयांनी बरा होतो असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तिथे पैसे भरू नका.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सुयांच्या नादात तपासणी राहून जाते. विस्मरणाची काही कारणं चक्क उपचारानं सुधारतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी असतं. वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकतं. थायरॉइड मंदावलेलं असतं. जोडीदार गेल्यानंतरचं नैराश्य असतं. झोपेच्या गोळ्या असतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरतो, डोक्याला मार लागतो, घरचे विसरूनही जातात, आणि काही आठवड्यांनी आत साचलेलं रक्त मेंदूवर दाब देऊ लागतं. ऐकू कमी येत असेल तरी माणूस विसराळू वाटतो. म्हणून आधी बांबोळीला जा. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. शेजारच्या मनोविकार संस्थेत पाठवलं तर लाजू नका, शेजारीपाजारी काय म्हणतील याचा विचार करू नका. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या.

आणि एक गोष्ट आपल्याच मातीतली. तिसवाडी आणि बार्देशमधल्या, घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं घरोघर गेली. हा आजार काय आहे, रुग्ण पुन्हा पुन्हा तेच विचारतो तेव्हा काय करायचं, रात्री उठून फिरतो तेव्हा काय करायचं, हे त्यांनी समजावलं. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्यानं कमी झाला. ह्या सुना, मुली, म्हाताऱ्या बायका आपणहून कधी दवाखान्यात येत नाहीत. त्यांची विचारपूस कुणीतरी करायलाच हवी.

तपासण्या झाल्या, औषधं सुरू आहेत, आणि तरी अ‍ॅक्युपंक्चर करून बघावंसं वाटतं? जरूर बघा, पण जोडीला. रक्तदाबाची, साखरेची गोळी बंद करू नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर ते आधी सांगा. सुयांचं नवं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. सुरुवातीला डॉक्टरांकडून स्मरणशक्तीची तीस गुणांची चाचणी करून घ्या, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. गुण हलले नाहीत आणि घरच्यांनाही फरक जाणवला नाही, तर ते पैसे दिवसा सोबतीला बाई ठेवण्यासाठी वापरा.