पाटीवर नसलेले शब्द

नमस्कार श्रोतेहो.

१८ मे हा जागतिक संग्रहालय दिन. १९७७ पासून तो पाळतात. आपल्याकडे पंचाईत एवढीच, की मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि ज्यांना संग्रहालयात न्यायचं ती पोरं नेमकी मामाच्या गावाला गेलेली असतात. मग मी मोर्चा वळवतो आजी-आजोबांकडे.

मी काही पुरातत्त्वज्ञ नाही. बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो, आणि आता ओळखीच्या शाळांचे, ज्येष्ठ नागरिक संघांचे गट घेऊन येरवड्याला डेक्कन कॉलेजात जातो. टिळक-आगरकर शिकले ते हेच कॉलेज. १९३४ मध्ये ते बंद पडलं, १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं, आणि आज ते अभिमत विद्यापीठ आहे. तिथे दोन संग्रहालयं आहेत, एक पुरातत्त्वाचं आणि दुसरं मराठ्यांच्या इतिहासाचं. विद्यापीठाचं संग्रहालय मुळात अभ्यासकांसाठी मांडलेलं असतं. पाट्या नेमक्या असतात, पण थोडक्यात. वस्तू आणि बघणारा यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं. माझ्यासारख्या हौशी माणसाचं काम तेवढंच.

पहिल्या खेपेला मी सगळं घोकून गेलो होतो. ‘ताम्रपाषाणयुग’, म्हणजे माणूस तांबं आणि दगड दोन्ही वापरायचा तो काळ, हा शब्द चार वाक्यांत पाच वेळा वापरला. सातवीतली मुलं माझ्याकडे सोडून छताकडे बघत होती. शेवटी एकानं विचारलं, “काका, हे मडकं कशाला होतं?” आणि मला ते सांगता आलं नाही!

तेव्हापासून मी आधी विचारतो, मग बोलतो. उदाहरणार्थ जोर्व्याची भांडी. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं. तांबडं भांडं, त्यावर काळी नक्षी, आणि इतकं खरपूस भाजलेलं की टिचकी मारली तर धातूसारखं खणकतं. अर्थात काचेतल्या भांड्याला टिचकी मारायची नसते, ते आपण ऐकून घ्यायचं. पण मी मुलांना विचारतो, ही पुढे आलेली नळी कशाला? “चहाची किटली!” असं उत्तर हमखास येतं. एखादी आजी मात्र म्हणते, “अरे, तोटी ती. धार बारीक पडते.”

आता इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ पासून बरीच वर्षं तिथे उत्खनन चाललं होतं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर ही पुरातत्त्वज्ञ मंडळी त्यात होती. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. घराच्या जमिनीखाली लहान मुलांना पुरलेलं सापडलं, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. हे सांगताना मी आवाज खाली आणतो. मुलं गप्प होतात, बायका तर फारच. एकदा एक बाई नुसत्या एवढंच म्हणाल्या, “घरातच ठेवलं, लांब नाही नेलं.” एवढं सांगणारी पाटी मी अजून वाचलेली नाही.

मराठा इतिहासाच्या दालनात वेगळीच मजा. साताऱ्याचे इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीस यांचा संग्रह १९३९ मध्ये इथे आला. मोडी कागद आहेत, चित्रं आहेत, नकाशे आहेत. जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. मुलांना हातरुमाल सोडून दुसरा माहीत नसतो. एकदा ऐंशी पार केलेले एक आजोबा मोडी पत्रासमोर थबकले आणि बोट हवेत फिरवत सावकाश वाचू लागले, “राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री...” शाळेत मोडी शिकले होते म्हणे. मी शेजारी उभा राहून बाळबोध पाटी वाचत होतो. त्या दिवशी गट कुणी फिरवला, हे काय सांगायला हवं?

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणाला मोडी येत असेल, तर ती नातवंडांना शिकवा. आणि गावाकडच्या मंडळींना एक विनंती. गावची पांढरी तुम्हाला माहीत आहे. जुन्या वस्तीचं ते टेकाड. तिथली माती धाब्याच्या घराच्या छतावर घालायला, शेतात टाकायला नेतात. तिच्यात नक्षीची खापरं दिसली तर गोळा करून घरी आणू नका. जागा लक्षात ठेवा, फोटो काढा, पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवा. प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद या प्राचीन वस्तीचा कांस्य हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ १९७४ मध्ये हाती लागले ते झाडाचं मूळ खणणाऱ्या एका गावकऱ्याला.

मागच्या खेपेला ज्येष्ठ नागरिक संघाच्या गटात शिरूरकडच्या एक आजी होत्या. इनामगावच्या घरांशेजारी धान्य साठवायचे खड्डे सापडले, असं मी सांगत होतो. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“खड्डा काय म्हणतोस? पेव म्हण की. आमच्या वाड्यात होतं.” आणि मग सगळ्या गटाकडे वळून त्या सांगू लागल्या, “पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही बरं. आधी आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. दिवा सोडून बघायचा. विझला, तर कुणी उतरायचं नाही.”

मी खिशातली वही काढली आणि लिहून घेतलं. नमस्कार.