पेचकस आणि 'दोराइबा'

नमस्कार, श्रोतेहो.

चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून माझा पहिलाच आठवडा होता. नवं यंत्र बसवायला जपानहून आलेले एक वयस्कर इंजिनिअर त्या यंत्राखाली आडवे झाले होते. खालून फक्त हात बाहेर आला आणि पाठोपाठ आवाज: "दोराइबा!" मी लगबगीनं गेटवर निरोप धाडला. पाच मिनिटांत गाडीचे ड्रायव्हरदादा किल्ली खुळखुळवत हजर. "साहेब निघाले का?"

साहेबांना पेचकस हवा होता.

जपानीत 'दोराइबा' म्हणजे गाडी चालवणाराही आणि स्क्रू-ड्रायव्हरही. त्यातला 'स्क्रू' तेवढा त्यांनी गाळून टाकलाय. मी धावत जाऊन पेचकस आणला, तर म्हणाले, हा 'माइनासु', मला 'पुरासु' पाहिजे. मला कळेना. मग त्यांनी स्क्रूच्या डोक्यावर बोट ठेवलं. एकावर अधिकची खूण, दुसऱ्यावर वजाची. फुलीच्या टोकाचा पेचकस प्लस, चपट्या टोकाचा मायनस! इतकं सरळ नाव खुद्द इंग्रजांना कसं सुचलं नाही, कोण जाणे.

इंग्रजी येतं म्हणजे हे शब्द आपल्याला फुकटात मिळाले, अशा भ्रमात मी होते. नेमके तेच जास्त फसवतात. 'हांदोरु' म्हणजे गाडीचं स्टेअरिंग. 'कोन्सेन्तो' म्हणजे भिंतीतलं प्लग खुपसायचं सॉकेट. त्यात कुणाची संमती नाही, 'कॉन्सेन्ट्रिक प्लग' या जुन्या नावाचा तो उरलेला तुकडा आहे. चालती गाडी गचके खाऊन बंद पडली की 'एन्सुतो', म्हणजे एंजिन-स्टॉप. आणि 'बोरुतो' हा बोल्टही आणि व्होल्टही, कारण जपानी जिभेला ब आणि व्ह सारखेच. विजेच्या जोडणीचं काम असलं की मी आजही दोनदा विचारून घेते.

बरं, सगळं इंग्रजीतूनच आलंय असंही नाही. १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षं जपानात युरोपीयांपैकी फक्त डचांना व्यापाराची मुभा होती, तीही नागासाकीजवळच्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या, भराव घालून केलेल्या बेटावर. पुढे १८५५ मध्ये नागासाकीत आरमारी शिक्षण सुरू झालं, तेव्हा वाफेच्या जहाजांचे धडे द्यायलाही डचच होते. त्यामुळे पंप तो 'पोंपु', फावडं ते 'सुकोप्पु' आणि डब्याचा पत्रा तो 'बुरिकी'. हे सगळे डच शब्द.

रबराला म्हणतात 'गोमु', डच 'गोम'वरून. मग इंग्रजीतून तोच शब्द पुन्हा आला, तो 'गामु', म्हणजे च्युइंगम. तिसऱ्यांदा जर्मनमधून आला, ती 'गुमी', चघळायची चिवट गोळी. एकच पाहुणा तीन बोटींतून तीनदा उतरला, आणि यांनी दरवेळी त्याला वेगळी खोली दिली! तसंच 'गारासु' म्हणजे काच आणि 'गुरासु' म्हणजे काचेचा पेला. 'माशिन' म्हणजे कुठलंही यंत्र, पण 'मिशिन' म्हटलं की फक्त शिवणयंत्र. माझी आजी शिवणयंत्राला नुसतं 'मिशन' म्हणायची. तिला जपानी शिकवावं लागलं नसतं.

जर्मनमधून आलेला आणखी एक शब्द 'बोंबे'. कुणी 'सान्सो बोंबे' म्हणालं, तेव्हा मला वाटलं साहेबांना मुंबईला जायचंय. ते ऑक्सिजनचं सिलिंडर मागत होते.

खुद्द स्क्रूचं नाव मात्र अस्सल जपानी, 'नेजी', पिळणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलं. १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या बंदुका तानेगाशिमा बेटावर आल्या. तिथल्या लोहारानं नळी घडवली, पण तिचं मागचं तोंड बंद करणारा स्क्रू त्याला काही केल्या जमेना, असं सांगतात. म्हणजे वस्तू परकी आणि नाव घरचं. आपला 'पेच' फारसीतून आलेला, पण अर्थ तोच: पीळ.

हॉर्नला ते 'कुराकुशोन' म्हणतात, क्लॅक्सन या कंपनीच्या नावावरून. आपण हसायचं कारण नाही. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून एका कंपनीनं नाव घेतलं आणि आपल्या गॅरेजांत जादा चाकाची 'स्टेपनी' झाली.

त्या आठवड्याच्या शेवटी मालाचा ट्रक फलाटाला लावायचा होता. आमचे इंजिनिअर मागे उभे राहून हात हलवत म्हणू लागले, "ओराई, ओराई, ओराई..." हे 'ऑल राइट'चं जपानी रूप. दुसऱ्या बाजूनं क्लीनर ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या!" मी भाषांतरासाठी तोंड उघडणार, इतक्यात दोघं एकदम ओरडले. एक म्हणाला "सुतोप्पु!", दुसरा म्हणाला "बास!" ट्रक फलाटाला अलगद टेकला. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.