फोन एकच, कार्डं सगळ्यांना

नमस्कार मंडळी. शाळेत टेक्नॉलॉजी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतो भिंतीवरचा मोठा स्क्रीन, बाई व्हिडिओ लावतात, पोरं गप्प बसतात आणि सगळे खूश. पण गप्प बसली म्हणजे शिकली असं थोडंच असतं!

मी सांगणारय त्याला फोन एकच लागतो, तोही बाईंचा नाहीतर सरांचा. प्लिकर्स नावाचं ॲप आहे. प्रत्येक मुलाला एक छापलेलं कार्ड द्यायचं, त्यावर क्यूआर कोडसारखं काळंपांढरं चित्र असतं आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं, बाईंनी कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते लगेच फोनवर दिसतं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, त्यामुळे शेजारच्याचं बघून कॉपी करायची सोय नाही, आणि जे पोरगं वर्षभर हात वर करत नाही तेही बिनधास्त उत्तर देतं.

आता समजा विचारलं, एक छेद तीन मोठा की एक छेद चार? बरीच मुलं चारवाला धरतात, कारण चार तीनपेक्षा मोठे, त्यांच्या हिशोबानं बरोबरच आहे ते! इथं उत्तर सांगून टाकायचा मोह होतो, तो आवरायचा, शेजारच्याला पटवून दे म्हणायचं, दोन मिनिटं गोंगाट होऊ द्यायचा आणि परत कार्डं वर. हार्वर्डचे एरिक माझुर 1990च्या दशकात कॉलेजच्या फिजिक्सच्या वर्गात असंच करायचे, म्हणजे हे फक्त लहान मुलांचं खूळ नाही. तरी अडलंच तर फोन बाजूला ठेवा, कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, घड्या घालून एकीचे तीन सारखे भाग करा, दुसरीचे चार. ‘अय्या, हा तर बारका!’ हे त्या पट्टीकडे बघून येतं, ॲपमधून नाही. ॲपनं फक्त कोण कुठे अडलंय ते दाखवलं.

वाचनाला तर नेटसुद्धा नको, फोनचा साधा रेकॉर्डर पुरतो. मुलानं एक परिच्छेद वाचायचा आणि आपलाच आवाज ऐकायचा, कुठं अडखळलो ते त्यालाच कळतं, आपण टोकायची गरज नाही.

ॲपमध्ये मुलांची नावं मात्र भरू नका, हजेरीचे नंबर टाका, काम भागतं.

आणि हो, कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, उजेड पडला की चमकतात आणि कॅमेरा वाचत नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. पोरं नेमकी कोडवरच बोटं ठेवतात, कार्ड कसं धरायचं यातच पहिला तास जातो, जाऊ द्या.